आधी स्पीकर, मग व्हॉल्व्हचा विचार

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या गाण्याच्या यंत्रणेवर आलेला लेख सुनेने मोबाईलवर दाखवला आणि मी तो सावकाश वाचून काढला. लेखकाला गाण्याचे प्रेम आहे हे ओळीओळीतून दिसते. लेखाचा निष्कर्ष असा, की ज्याला आपल्या रागसंगीताची खरी गोडी आहे त्याने व्हॉल्व्हचाच, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, हल्ली ज्याला ट्यूब म्हणतात तोच ॲम्प्लिफायर घ्यावा. ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा असतो, असे लेखकाचे म्हणणे. शेवटच्या चौकटीत आणखी एक सल्ला आहे. घरात आजोबांचा जुना रेडिओ पडून असेल तर त्याच्या मागच्या ‘पिकअप’च्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर जोडायच्या, भोकांत मोबाईलची वायर खोचा, फुकटात ट्यूब ॲम्प तयार! निष्कर्षाशी माझा मतभेद आहे, तो पुढे लिहिते. चौकटीबद्दल मात्र आधी आणि ताबडतोब लिहायला हवे, कारण तिथे जिवाशी गाठ आहे.

माझ्या वडिलांचे राजवाड्याच्या मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. शाळेतून आले की मी तिथेच बसायची, आणि डाग द्यायला (सोल्डरिंग करायला), मीटर धरायला तिथेच शिकले. दुकान केव्हाच गेले, पण काम सुटले नाही. आता घरच्याच एका खोलीत टेबल मांडले आहे. जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेयर, व्हॉल्व्हचे आणि ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर, सगळे त्यावरून जातात. तेव्हा जे लिहिते ते टेबलावर पाहिलेले आहे.

जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दोन जातींचे असतात. एका जातीत आत मेनचा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे रेडिओचा पत्रा आणि भिंतीतली लाईन यांचा थेट संबंध नसतो. दुसऱ्या जातीत ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांना एसी-डीसी सेट म्हणत. एके काळी काही शहरांत डीसी पुरवठा होता, तिथे ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून हे सेट निघाले. पुढे स्वस्त पडतात म्हणून घरोघर गेले. यात सगळ्या व्हॉल्व्हचे फिलामेंट, म्हणजे आतल्या तापायच्या तारा, एकामागे एक माळेत जोडून थेट लाईनवर टाकलेले असतात आणि लाईनची एक तार सरळ चासीच्या, म्हणजे आतल्या सांगाड्याच्या, पत्र्याला लावलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की सगळा पत्रा २३० व्होल्टवर. कारखान्याला हे ठाऊक होते, म्हणून खोके लाकडाचे किंवा बेकेलाइटचे, मागे पुठ्ठा, आणि बटणांचे स्क्रू खोल बसवून वरून मेण भरलेले. पिकअपच्या भोकांनाही मध्ये कागदी कंडेन्सर घालून लाईनपासून तोडलेले असे. ते कंडेन्सर आता साठ वर्षांचे झाले आहेत आणि बहुतेक सगळे गळतात, म्हणजे वीज पलीकडे जाऊ देतात. तिथे मोबाईल जोडायचा आणि तो हातात धरायचा, याचा अर्थ लाईनच हातात धरायची.

ओळखायचे कसे? प्लग काढून मागचा पुठ्ठा उघडावा आणि व्हॉल्व्हच्या काचेवरची अक्षरे वाचावीत. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ अशी ‘ई’ने सुरुवात असेल तर तो बहुधा ट्रान्सफॉर्मरचा सेट, आत ट्रान्सफॉर्मर दिसतो का तेही पाहून खात्री करावी. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी ‘यू’ने सुरुवात असेल तर त्या रेडिओला मोबाईल अजिबात जोडू नये. आणि ट्रान्सफॉर्मरचा सेट असला तरी वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेला रेडिओ एकदम प्लगमध्ये घालू नये. आतले फिल्टरचे कंडेन्सर सुकलेले असतात, शॉर्ट होतात आणि ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग जळते. आम्ही लाईनच्या वाटेत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबायचे. हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे. कृपया पुढच्या पुरवणीत या चौकटीची दुरुस्ती ठळक छापावी, ही माझी पहिली विनंती.

आता मूळ प्रश्न, व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न पहिला विचारायचाच नाही. आधी स्पीकर, मग खोली, मग घरातली लाईन. या तिघांचे उत्तर मिळाले की ॲम्प्लिफायर कोणता ते जवळजवळ आपोआप ठरते, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत ते उत्तर ट्रान्झिस्टर असेच येते.

आमच्या गल्लीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. आयुष्यभर गाणे ऐकत आले. अमीर खाँसाहेबांच्या मैफली त्यांनी तरुणपणी इथे इंदुरात ऐकल्या आहेत आणि त्या विलंबितातली शांतता त्यांना घरी हवी होती. एक दिवस आले आणि म्हणाले, “ताई, दुकानात काय गोड वाजत होता हो! फक्त आठ वॉट, पण घर भरून टाकेल म्हणाले.” तो ३०० बी या व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड ॲम्प्लिफायर होता. एका बाजूला एकच पॉवर व्हॉल्व्ह, त्यातून साधारण आठ वॉट मिळतात. किंमत लाखाच्या वर. मी त्यांना विचारले, दुकानात स्पीकर कोणता होता? उंच, भोंग्यांचा. आणि वाजवले काय? बासरी.

स्पीकरच्या पाठीवर किंवा कागदावर एक आकडा असतो, सेन्सिटिव्हिटीचा. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते तो सांगतो. दुकानातल्या भोंग्याच्या स्पीकरचा आकडा ९६ होता, नानांच्या घरच्या छोट्या स्पीकरचा ८६. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वॉट. नाना ऐकतात त्या आवाजाला त्यांच्या खोलीत सरासरी पाव वॉटच्या आसपास लागतो. हे ऐकून वाटते, मग आठ वॉट तर पुष्कळ झाले. पण तबल्याची खणखणीत थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर उडी मारते आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. पाव वॉटचे झाले पंचवीस. दुकानातल्या स्पीकरला त्याच थापेला अडीच वॉट पुरले असते.

दुकानदार भला माणूस, त्याने दोन दिवस यंत्र घरी नेऊ दिले. आलाप सुंदरच वाजला. द्रुतात तबला आला आणि थाप दबल्यासारखी वाटू लागली, टोक मोडल्यासारखी. मी माझा ऑसिलोस्कोप, म्हणजे आवाजाची लाट पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र, घेऊन गेले. स्पीकरच्या टोकांवर लावला आणि नानांना दाखवले: गाण्याबरोबर रेघ वरखाली नाचते आहे आणि प्रत्येक थापेला तिचा माथा एकाच उंचीवर सपाट होतो आहे. व्हॉल्व्हमध्ये हा सपाटपणा हळुवार येतो, कडा गोल राहतात, म्हणून कानाला टोचत नाही. पण थाप गेलीच. नानांनी तेवढ्याच पैशांत साठ वॉटचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणि चांगले मोठे स्पीकर घेतले, शिवाय फरशीवर जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीला पडदा. आमच्याकडे घरांत कोटा फरशी आणि उघड्या भिंती असतात, आवाज नुसता घुमतो. त्या सतरंजीने जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही ॲम्प्लिफायरने पडला नसता.

दुसरी गोष्ट थोडी किचकट आहे, पण लेखातल्या ‘ऊबदार आवाजा’चे मोठे कारण तिथेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेले असते (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप), पण तो सगळ्या सुरांना आठ ओहम नसतो. एखाद्या जागी चारवर उतरतो, आणि खर्जात जिथे त्याचा पडदा स्वतःच्या लयीने डोलतो तिथे चोवीस-पंचवीसवर चढतो. ॲम्प्लिफायरलाही आतून काही ओहम असतात. चांगल्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रात ते एक दशांशाहूनही कमी. व्हॉल्व्हला मुळात हजारो ओहमचा भार लागतो, म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. तो आठ हजारांचे आठ करतो, पण तरी फीडबॅक (बाहेरचा थोडा सिग्नल दुरुस्तीसाठी परत आत) न दिलेल्या यंत्रात बाहेर दोन-तीन ओहम उरतातच. दोन ओहम धरून हिशेब करा: स्पीकर चार ओहमवर असतो तिथे एक तृतीयांश व्होल्टेज आतच खर्ची पडते, चोवीसवर असतो तिथे जेमतेम तेरावा भाग. म्हणजे एकाच स्पीकरवर दोन सुरांत पावणेतीन डेसिबलचा फरक नुसत्या ॲम्प्लिफायरमुळे पडला. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात हाच फरक एका डेसिबलच्या सातव्या भागाइतका येतो.

पावणेतीन डेसिबल कोणत्याही कानाला कळतात. आणि ते पडतात कुठे? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४, आणि घरगुती स्पीकरचे ते डोलणे बहुधा याच्या खाली, पन्नास ते नव्वदच्या पट्ट्यात. डग्ग्याचा घुमारा आणि खर्जाची खालची बाजू तिथे फुगते, गाणे भरदार वाटते. ऐकणारा म्हणतो, व्हॉल्व्हची ऊब. पण स्पीकर बदलला की ती ऊब जागा बदलते. कधी डग्गा भोंगळ होतो, कधी आवाज नाकात गेल्यासारखा होतो. व्हॉल्व्ह घ्यायचाच असेल तर ज्याचे ओहम सगळीकडे सारखे राहतात असा स्पीकर हवा. दुकानात हे कोणी सांगत नाही.

लेखात सम हार्मोनिकचा मुद्दा आहे: व्हॉल्व्ह मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे वरचे सूर (हार्मोनिक) मिसळतो, म्हणून तो गोड वाटतो. तो अर्धा खरा आहे आणि खरा अर्धा फार सुंदर आहे. मंद्र षड्जाचा दुसरा हार्मोनिक मध्य षड्ज, तिसरा मध्य पंचम, चौथा तार षड्ज, पाचवा तार गंधार. तानपुरा जवारीवर नीट लागला की त्या गंधाराची जी चाहूल लागते ती हीच. सिंगल-एंडेड ट्रायोड (३०० बी सारखा साधा व्हॉल्व्ह) आपल्या पदरचा जो रंग घालतो तो मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच सुराचा. तो तानपुऱ्यात मिसळून जातो, बेसूर होत नाही. एकट्या गळ्याला, बासरीला, सारंगीला हा रंग खुलतो हे मी मान्य करते. मी स्वतः त्यासाठी असे यंत्र बांधून ठेवले आहे.

पण बाजारात मिळणारे बहुतेक व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर पुश-पुल, म्हणजे लाटेची एक बाजू एका व्हॉल्व्हने आणि दुसरी दुसऱ्याने उचलायचे, असतात, ईएल ३४ किंवा ईएल ८४ च्या जोडीवर चालणारे. पुश-पुलमध्ये सम हार्मोनिक एकमेकांना छेदतात आणि तिसरा उरतो. शिवाय जो दोष दुसरा हार्मोनिक जन्माला घालतो तोच दोन सूर एकत्र आले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार करतो, आणि ते पुष्कळदा रागात बसत नाहीत. म्हणून एकट्या गळ्याला गोड वाटणारे ते सिंगल-एंडेड यंत्र पन्नास वादकांच्या सिनेगीतात गर्दी करते. १९४७ साली इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी पंधरा वॉटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला, तो पुढे जगभर लोकांनी घरी बांधला. त्यातला दोष जेमतेम एक दशांश टक्का. व्हॉल्व्हच्या भरभराटीच्या काळात मोठमोठ्या कारागिरांची धडपड रंग काढून टाकण्यासाठी होती. आज तोच रंग जास्त पैसे देऊन विकत घ्यायला सांगितले जाते.

आणि रंगाबद्दल आणखी एक. अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी घ्या, किंवा फैयाज खाँसाहेबांच्या त्याहून जुन्या तबकड्या. त्या काळचा स्टुडिओ व्हॉल्व्हचाच होता. मायक्रोफोनपासून तबकडी कोरणाऱ्या यंत्रापर्यंत सगळीकडे व्हॉल्व्ह. त्यांचा जो काही रंग असेल तो त्या ध्वनिमुद्रणात आधीच उतरलेला आहे. घरी तो पुन्हा चढवण्याची गरज मला दिसत नाही. इथल्या मालवा हाऊसच्या आकाशवाणीवरून लहानपणी जे गाणे आमच्या घरी येई ते व्हॉल्व्हच्या मर्फी रेडिओतून येई आणि त्याची आठवण मलाही गोड आहे, पण त्या गोडीत घराचा, वयाचा आणि गवयाचा वाटा मोठा होता.

ट्रान्झिस्टर कोरडा, ही तक्रार कुठून आली तेही सांगते, कारण ती खोटी नव्हती. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९४७ च्या डिसेंबरात लागला, आणि साठच्या दशकात घरगुती ॲम्प्लिफायरांत तो आला तेव्हा त्याची मोठी खोड होती क्रॉसओव्हरची. लाटेचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा. हात बदलताना मध्ये एक खाच राहते. मोठ्या आवाजात ती लपते, हळू आवाजात उघडी पडते, आणि त्यातून निघणारे हार्मोनिक वरचे, विषम, कानाला ओरखडणारे. आपल्या गाण्यात हळू आवाजाची जागा फार. दोन स्वरवाक्यांमधल्या विरामात नुसता तानपुरा ऐकू येतो, त्याची शेपटी विरत जाते, आणि नेमकी तिथेच ही खाच किरकिर करते.

ही किरकिर आजही माझ्या टेबलावर येते. मागच्या पावसाळ्यात एका गायन शिक्षिकेने २ एन ३०५५ या ट्रान्झिस्टरवर बांधलेला जुना ॲम्प्लिफायर आणला. तक्रार तीच, तानपुरा खरखरतो. आत पाहिले तर दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर थंडगार. मूक असतानाही त्यांच्यातून थोडा करंट वाहायला हवा, तो जवळजवळ शून्यावर उतरला होता. ०.३३ ओहमच्या रेझिस्टरवर मीटर लावला आणि प्रीसेट (आतला जुळवणीचा छोटा स्क्रू) केसभर, केसभर फिरवत दहा मिलिव्होल्टवर आणला, म्हणजे साधारण तीस मिलिअँपिअर. तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण चालूच होते. सहा-सात मिलिव्होल्टला खरखर विरली आणि जवारीचा झंकार मोकळा झाला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मग अर्धा तास तापू देऊन पुन्हा मोजून दिला, कारण गरम झाल्यावर करंट चढतो. सध्याच्या नीट बनवलेल्या यंत्रांत ही काळजी कारखान्यातच घेतलेली असते आणि ती खाच मोजायलाही कठीण जाते. ट्रान्झिस्टरला कोरडे म्हणणाऱ्यांनी असा एक चांगला जुळवलेला ॲम्प्लिफायर शांतपणे ऐकावा.

दोन यंत्रे पडताळून पाहायची तर आवाज सारखा करून घेणे अत्यावश्यक आहे. जो किंचित मोठा तो कानाला नेहमी सरस वाटतो, आणि दुकानात नेमके हेच होते. साधा मल्टिमीटर पुरतो: मोबाईलवरून ३०० हर्ट्झचा सूर लावा, स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा, दोन्ही यंत्रांवर दोन व्होल्टला दोनशतांशाच्या आत जुळवा. मग दुसऱ्या कोणाला तरी अदलाबदल करायला सांगा आणि कोणते चालू आहे ते न पाहता ऐका. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर या कारागिराने स्टीरिओफाइल मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले होते, की तुमच्या पसंतीच्या महागड्या यंत्राची नक्कल मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर यंत्रात करून दाखवतो. त्यांनी निवडलेले यंत्र व्हॉल्व्हचे होते. त्याने दोन्ही यंत्रांच्या आवाजाची वजाबाकी करत करत आपले यंत्र जुळवले, आणि शेवटी संपादकांना दोन्हींत फरक सांगता आला नाही. व्हॉल्व्हच्या आवाजात जे आहे ते मोजता येते आणि हवे तर घडवताही येते, एवढे त्यातून दिसते.

आता घरातली लाईन. बहुतेक व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात दहा टक्क्यांहून जास्त चढउतार त्याला सोसत नाही. चीनहून येणाऱ्या पुष्कळ यंत्रांचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा असतो, कारण तिथली लाईन तेवढी. आमच्या भागात रात्री उशिरा लोड कमी झाला की मीटर २४५ दाखवतो. मग ६.३ चे सात होतात, आतले चारशे व्होल्ट साडेचारशेच्या जवळ जातात, आणि व्हॉल्व्ह भराभर म्हातारे होतात. यंत्राच्या पाठीवर २३० किंवा २४० लिहिले आहे का ते पाहिल्याशिवाय घेऊ नये. नसेल तर चांगला स्टॅबिलायझर धरूनच किंमत मोजावी.

विजेचा हिशेबही सोपा आहे. चार ईएल ३४ चे नुसते फिलामेंटच ३८ वॉट खातात, सगळे यंत्र मिळून दीड-दोनशे. रोज तीन तास लावले तर महिन्याला पंधरा-सोळा युनिट. मे महिन्यात इंदूर चाळिशी ओलांडते तेव्हा ही सगळी उष्णता खोलीत सोडायची आणि पंखा बंद करून गाणे ऐकायचे, हे ज्याला जमेल त्याने करावे. पॉवर व्हॉल्व्ह काही हजार तास टिकतात. रोजच्या तीन तासांनी वर्षाला हजार तास होतात, म्हणजे दोन-तीन वर्षांत जोड्या बदलायच्या. बाबांच्या दुकानात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह असत. १९६१ पासून ते आपल्याकडे बनत होते. आज ते रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा काही काळ जगभर तुटवडा पडला आणि भाव चढले, माझ्याकडे आलेली दोन यंत्रे त्यामुळे अडून राहिली.

घरात लहान मूल असेल तर जाळीच्या झाकणाशिवाय व्हॉल्व्हचे यंत्र खाली ठेवू नये. ती काच हात भाजण्याइतकी तापते. स्पीकर न जोडता ते कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतल्या आत ठिणगी पडून जातो आणि तोच त्यातला सर्वांत महाग भाग. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला स्पीकर नसला तरी चालते, पण त्याच्या दोन तारा एकमेकींना चिकटू देऊ नयेत. आणि बंद केल्यावरही व्हॉल्व्हच्या यंत्रातल्या कंडेन्सरांत चारशे व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. झाकण उघडायचा मोह आवरावा.

मग व्हॉल्व्ह कोणी घ्यावा? ज्याच्याकडे ९४-९५ डेसिबलच्या वरचा स्पीकर आहे, जो हळू आवाजात गळा आणि तंतुवाद्य ऐकतो, ज्याला जवळपास दुरुस्ती करणारा आहे, आणि ज्याला त्या रंगाचीच आवड आहे, त्याने आनंदाने घ्यावा. मीही रात्री उशिरा, घर निजल्यावर, माझे यंत्र लावून कुमारजी (कुमार गंधर्व) ऐकते. त्यांचे देवास इथून तासाभरावर. तो आवाज त्या छोट्या यंत्रातून ऐकायला मला मनापासून आवडतो. पण दिवसभर घरात वाजतो तो ट्रान्झिस्टरच. संगीताची नवी आवड लागलेल्या कोणा मुलाने किंवा पेन्शनवर जगणाऱ्या कोणा रसिकाने आपले प्रेम सिद्ध करायला लाखभर रुपये व्हॉल्व्हवर घालावेत, आणि स्पीकर मात्र तोच कामचलाऊ ठेवावा, हे मला पाहवत नाही. असे लोक माझ्याकडे येतात, निराश होऊन येतात, म्हणून हे इतके लांब पत्र.

दुसरी विनंती पुरवणीच्या संपादकांना आहे. स्पीकर आणि ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींत आजही ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजार-दोन हजार वॉट छापले जातात. त्या आकड्याला मोजमापाचा काही ठरलेला आधार नाही. ४४४० या ॲम्प्लिफायर आयसीचा (चिपचा) एक बोर्ड आणि बोटभर ट्रान्सफॉर्मर घातलेल्या खोक्यावर मी हजार वॉट छापलेले पाहिले आहेत. त्या आयसीमधून दोन्ही बाजू मिळून बारा-पंधरा वॉट निघतात. जाहिरातदाराकडून आठ ओहमवरचे सतत मिळणारे वॉट आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी हे दोन आकडे मागून घेऊन छापले, तर वाचकाचे निम्मे काम होईल.

शेवटचे. इंदूरच्या ज्या मराठी घरांत जुने रेडिओ आहेत त्यांनी ते भंगारात देऊ नयेत आणि प्लगही लावू नयेत. रविवारी सकाळी दहा ते एक मी घरीच असते; रेडिओ आणल्यास तो ‘ई’चा की ‘यू’चा, कंडेन्सर किती गळतात, आणि सुरक्षितपणे चालू होईल का, एवढे पाहून द्यायचे मी काही घेत नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्यास तो द्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक जुनी वाचक
लोकमान्य नगर, इंदूर